तात्याचं ‘सेट’

परवा धाकट्या मुलानं माझा मोबाइल हातात घेतला, चार ठिकाणी बोट फिरवलं आणि तो परत माझ्या पुढ्यात टाकत म्हणाला, “मम्मी, सगळं सेट करून दिलंय. आता कशाला हात लावू नको.” त्याला वाटतं हा शब्द त्याच्या पिढीचा. मी म्हटलं, बाबा रे, तू जन्मायच्या किती तरी आधीपासून हा शब्द आमच्या घरात राहायला होता, जेवायला होता, रेशन कार्डावर नाव तेवढं घालायचं राहिलं होतं. तो नेहमीसारखा ‘हो हो’ करून निघून गेला. म्हणून म्हटलं, हे लिहूनच ठेवावं. निदान वाचताना कुणी उठून गेलं तर मला दिसणार तरी नाही.

अवसरीला आमच्या घरात तो शब्द आणला तात्यानं. तात्या माझा धाकटा चुलता. मंचरला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देण्याच्या दुकानात त्यानं काही वर्षं काढली आणि तिथून तो घरी परतला तेव्हा त्याच्याकडे तीन गोष्टी होत्या: खिशात तांब्याच्या तारेचे तुकडे, हातांना न जाणारा वार्निशचा वास आणि तोंडात ‘सेट’. तारेच्या तुकड्यांची आम्ही पोरींनी कानातली केली, वास सवयीचा झाला, आणि शब्द मात्र काँग्रेस गवतासारखा घरभर पसरला. मोटार नीट चालली की ती सेट झाली. शेळीचा पाय मुरगळला होता तो तात्यानं बांबूच्या कामट्या बांधून सेट केला. शेजारच्या दोघा भावांचं बांधावरचं भांडण त्यानं मध्ये पडून सेट केलं, ते आठवड्यात परत बिघडलं ते सोडा. आई सुरुवातीला हसायची, आणि एक दिवस विरजणाच्या भांड्यावरचं झाकण उचलून तीच म्हणाली, “आज दही काय सेट न्हाई झालं बाई.” माझे केस खोबरेल लावून, पट्टीनं भांग पाडून सेट व्हायचे. आणि टोमॅटोच्या फुलाचं फळ व्हायला लागलं की ते ‘सेटिंग’. हा अर्थ मात्र तात्याचा एकट्याचा नव्हे. तो पार नारायणगावच्या बाजारापर्यंत चालतो. आजही तिथं कुणाला विचारा, यंदा सेटिंग कसं झालंय, तर माणूस तासभर बोलेल.

शाळेत इंग्रजीच्या सरांनी एकदा हेच क्रियापद फळ्यावर लिहिलं आणि वाक्यात उपयोग करा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीच्या तासाला माझा हात वर गेला. मी दही, शेळी, भांडण, मोटार, टोमॅटो असं सगळं घडाघडा सांगितलं. सर बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि मग म्हणाले, “बसा.” माझं इंग्रजी त्या एका शब्दाच्या जोरावर नववीपर्यंत चाललं. दहावीला तेही फुलगळ झाल्यासारखं गळून गेलं.

घरात एकच माणूस या शब्दाला शिवत नव्हता, तो म्हणजे आमचे दादा. माझे वडील. दादांचं म्हणणं, आपल्याकडं काय शब्द कमी पडले व्हय? खुंटी बसती, नेम लागतो, सोयरीक जमती, मोटार पाणी धरती, दही लागतं, चूल पेटती. एवढं सगळं असताना एकाच उसन्या शब्दानं गाडं हाकायचं म्हणजे आळस. त्यामुळे विहिरीवर दोघं भाऊ एकाच मोटारीशेजारी उभे राहून दोन भाषांत बोलायचे. तात्या म्हणायचा, “सेट झाली, दादा.” दादा वाकून पाइपाच्या तोंडाकडं बघायचे आणि त्याला दुरुस्त केल्यासारखे म्हणायचे, “पाणी धरलं म्हण.”

आता या शब्दाचा आणखी एक अर्थ आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाचा मुलगा चाकणला कंपनीत लागला की बाया म्हणतात, पोरगं सेट झालं. या अर्थानं आमचा तात्या सेट नव्हता. दिसायला बरा, हाताला गुण, अंगात कष्ट, बोलायला असा की एसटीत त्याच्या शेजारी बसलेलं माणूस आपला थांबा चुकवायचं. पण मुलीकडची माणसं विचारायची, नोकरी कुठं? शेती म्हटलं की त्यांची नजर दारातल्या चपलांकडं जायची. अशी बरीच माणसं येऊन गेली. त्यातल्या शेवटच्यांसमोर तर तात्या जरा जास्तच खुलला. शिक्षण? आयटीआय सेट. पाणी? बारमाही सेट. वहिनी कशा आहेत? एकदम सेट. ते लोक गेले आणि त्यांचा निरोप आला की मुलगा टीव्हीतल्या टपोरी पोरासारखा बोलतो. दादांनी निरोप ऐकून घेतला. त्या दिवशी त्यांनी गोठा दोनदा झाडला.

त्यानंतर तात्यानं सांगून टाकलं की आता एकच स्थळ, जुन्नरकडचं, येणार आहे ते येऊ द्या. नाही जमलं तर तो चाकणला जाणार. मित्राच्या खोलीवर जागा होती, कंपनीत शब्द टाकून ठेवला होता. हे त्यानं रागानं सांगितलं नाही, भाकरी मोडता मोडता सांगितलं, म्हणून जास्त लागलं. दादांना मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तात्या गेला म्हणजे बागायत गेली. आणि मला? मला मंचरच्या शाळेत त्याच्या एम-एटी मोपेडवर मागं बसून जायची सवय होती. वाटेत तो दुतर्फा दिसणाऱ्या प्रत्येक माणसाची नक्कल करायचा. तात्या गेला तर घरात उरणार होते कमी बोलणारे दादा, कामात बुडालेली आई आणि मी. आणि मी तेव्हा एवढी लठ्ठ होते की एसटीचे कंडक्टर मला बघून आधीच कपाळाला हात लावायचे.

पाहुणे यायच्या सकाळी दादांनी तात्याला गोठ्यापाशी बोलावलं. मी शेण भरत होते म्हणून ऐकलं. दादा म्हणाले, “बाळू, आज तेवढा त्यो शब्द नको.”

“कोन्चा?”

“तुला म्हाईत हाय कोन्चा.”

तात्यानं मान हलवली. आणि मग दादांनी दुसरा नियम घातला, तो जास्त जड होता: लाईट आली तरी कुणी उठायचं नाही. हे का जड होतं ते सांगते. तेव्हा आमच्याकडे लाईट कधी येईल आणि कधी जाईल याला काही धरबंध नव्हता. घराची आणि मोटारीची एकदमच यायची. ती आलेली कळावी म्हणून तात्यानं ओटीवरचा जुना रेडिओ पूर्ण आवाजात लावून ठेवलेला असायचा. रेडिओ खेकसला की घरातलं माणूस हातातलं असेल ते टाकून विहिरीकडे पळे. अर्धी भाकरी टाकून, अर्धी दाढी टाकून, एकदा तर शेजारचे आबा अर्ध्या आंघोळीतून पळाले होते. गावभर एकच आरोळी उठायची. माझा आवाज मोठा म्हणून आमच्या वस्तीवर आरोळी द्यायचं काम माझं होतं. घरात माझा तेवढाच एक उपयोग मान्य झालेला होता. त्यात टोमॅटो नेमका फुलावर आलेला, खालच्या घोसाला बारीक फळ दिसायला लागलेलं. उन्हाचा ताण बसला आणि पाणी चुकलं तर फुलं खाली पडणार. दोन दिवस लाईटीचा पत्ता नव्हता. पण दादा म्हणाले, पावणं बसलेलं असताना माणसं उठून पळाली तर काय दिसंल? रेडिओ बंद करायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. सवयीची वस्तू डोळ्यांना दिसत नाही ती अशी.

आईनं पहाटेपासून मासवडीचा घाट घातला होता. ज्यांनी आमच्याकडची मासवडी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते, हिच्यात मासा नसतो. शिजवलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर भाजलेले तीळ, खोबरं, कांदा, लसूण यांचा सारण-मसाला पसरायचा, फडक्यासकट वळायचं आणि वड्या कापायच्या. सोबत काळ्या मसाल्याचा असा रस्सा की खाणाऱ्याचं नाक त्याच्या डोळ्यांशी स्पर्धा करतं. पण मासवडी केली म्हणजे पाहुणे ती खातीलच असं नव्हतं. आमच्याकडे रीत अशी की स्थळ पसंत असेल तर पाहुणे पाटावर बसतात. नसेल तर तोंडानं कुणी नाही म्हणत नाही. नुसता चहा घेतात, ‘उशीर व्हतोय’ म्हणतात आणि उठतात. चहावर उठले म्हणजे संपलं. आधीचे सगळे चहावर उठले होते आणि आम्ही दोन-दोन दिवस मासवडी खात बसलो होतो. माझ्या लठ्ठपणाला तात्याचं न जमलेलं लग्न बरंचसं जबाबदार आहे.

पाहुणे जीपनं आले. मुलीचे वडील, पांढरे शुभ्र कपडे, कडक टोपी. त्यांची थोरली बहीण, तिला सगळे आक्का म्हणत होते, आणि जीपमधून उतरताना तिनं ज्या नजरेनं आमचं छप्पर, गोठा आणि मला पाहिलं त्यावरून कळलं की निकाल तिच्या हातात आहे. आणि मागून स्वतः मुलगी उतरली, विजया. घर बघायला मुलीनं यायची रीत नव्हती. पण मंचरला मावशीकडे सोडायचंय, वाटेतच होतं, असं कारण होतं. ती सरळ स्वयंपाकघरात येऊन आईशेजारी बसली आणि तीळ निवडायला लागली.

ओटीवर बोलणं सुरू झालं. मी दाराच्या फटीला डोळा लावून होते. मुलीच्या वडलांनी विचारलं, टोमॅटो कसा काय यंदा? तात्यानं तोंड उघडलं. ओठांवर तो शब्द आलेला मला तिथून दिसला. त्यानं दादांकडं बघितलं आणि तोंड मिटलं. “हाय,” तो म्हणाला. विहिरीला पाणी कसंय? “हाय.” मोटार घरीच दुरुस्त करता म्हणं? तात्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, “हाय.” त्या एका शब्दाशिवाय त्याला बोलताच येत नव्हतं, जसं मला पाढे म्हणताना डुलल्याशिवाय पुढचं आठवत नाही. दादांना ते दिसत होतं. पण घातलेली बंदी पाहुण्यांसमोर उठवायची कशी? ते आपल्या टोपीची घडी करत राहिले.

आत विजयानं मला हळूच विचारलं, “तुझे तात्या कधी बोलतात का?”

“लई बोलत्यात. आज बंदी हाय.”

“कसली बंदी?”

“एका शब्दाला. कोन्चा ते नका विचारू.”

तिनं पदर तोंडाशी नेला. तेवढ्यात आक्का हात धुवायच्या निमित्तानं भावाला घेऊन मागच्या दाराशी आल्या आणि त्याला म्हणाल्या ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. घर चांगलंय, माणसं चांगली, पण मुलगा एक तर गुर्मीत आहे नाही तर मुका. “आपल्या पोरीनं जलमभर भिताडाशी बोलायचं का?” आईचा हात वडीवर तसाच थांबला. ओटीवर परत जाऊन मुलीचे वडील म्हणाले, बरं मग, उशीर व्हतोय. कपबशा खाली ठेवल्याचा आवाज आला. चपला शोधल्याचा आवाज आला. मी मनातल्या मनात तात्याची पेटी भरली, एम-एटी विकली आणि कंडक्टरचं तोंड बघितलं.

आणि रेडिओ खेकसला.

कुठल्या तरी खताची जाहिरात होती. तात्याचं अख्खं अंग उचललं गेलं. दादांनी नुसतं बघितलं, तसा तो परत बसला. वस्तीवरून आरोळ्या सुरू झाल्या. मी तोंडावर हात दाबून माझी आरोळी आवरली. मुलीचे वडील एक चप्पल पायात आणि एक हातात असे उभे होते.

“लाईट आली जणू तुमची,” ते म्हणाले.

“येऊंद्या. जाईल,” दादा म्हणाले.

“जाईल? टोमॅटोला पाणी कवा दिलंय?”

“झालं दोन दिस.”

“आन् हाय कशावर?”

“फुलावर.”

“मग बसलाय काय, भाऊ?” असं म्हणून त्या माणसानं हातातली चप्पल टाकली आणि पायातल्या एकाच चपलेनं विहिरीच्या दिशेनं धाव घेतली. विहीर कुठं आहे हेही त्याला माहीत नव्हतं. त्यामागं तात्या, त्यामागं दादा, आणि मग मी अशी काही आरोळी दिली की आजही अवसरीत जुनी माणसं तिची आठवण काढतात. आई, विजया, सगळ्यांत शेवटी ‘अगं बाई, अगं बाई’ करत आक्का.

मोटार सुरू झाली पण पाणी येईना, म्हणून तात्यानं ती बंद केली. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाला एक झडप असते. आमच्याकडे तिला फुटबॉल म्हणतात, का ते मला विचारू नका. ती झिजली होती, त्यामुळे लाईट गेली की पाइपातलं पाणी खाली उतरून जायचं. मग वरून बादल्यांनी पाइप भरायचा, आणि पाणी थांबावं म्हणून शेण कालवून ओतायचं. शेण जाऊन फटीत बसतं. तात्या मोटारीवर ओणवा झाला होता आणि त्याचं तोंड सुटलं होतं. बादली इकडं, ती न्हाई, ती मोठी, मामा तुमी शेण कालवा, पातळ नको, धिरड्यागत करा, नंदे पळ पानी आन! नंदे म्हणजे मी. मुलीच्या वडलांनी बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात शेणात घातले. त्यांची टोपी कधी पडली, कुणी उचलली, कळलं नाही. मला वाटतं आक्कांनीच ती काखेत धरली होती. स्टार्टरची पेटी लिंबाच्या बुंध्याला होती आणि तिच्याजवळ नेमकी विजया उभी.

“दाबा!” तात्या वर न बघताच ओरडला.

तिनं हिरवं बटण दाबलं. मोटार घरघरली, खोकली, पाइपानं एक मोठी ढेकर दिली, आधी हवा, मग हिरवट शेणाचं पाणी, आणि मग हौदात अशी स्वच्छ जाड धार पडली की तिच्या आवाजात बाकी सगळं बुडालं. तात्या सरळ उभा राहिला, कपाळापासून बनियनपर्यंत शेणानं माखलेला, आणि दोन्ही हात वर करून त्यानं वस्तीला ऐकू जाईल असा तो शब्द सोडला:

“सेट!”

दादांनी डोळे मिटले. विजयानं माझ्याकडं बघितलं आणि भुवया उचलून विचारलं, “हाच का?” मी मान हलवली. तशी ती हसायला लागली ती थांबेचना. स्टार्टरच्या पेटीला धरून हसत राहिली.

आक्का पुढं आल्या. तात्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुला बोलता येतं व्हय रं?”

“येतं की, आक्का.”

“मग मगाशी काय दातखीळ बसली व्हती?”

तात्यानं दादांचं नाव घेतलं नाही, मान खाली घालून बोटांचं शेण निरखत राहिला. धारेचा आवाज तेवढा चालला होता. मग दादाच बोलले. पाहुण्यांसमोर इतकं सरळ बोलताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

“त्याची चूक न्हाई, आक्का. मीच गप बसवला व्हता. म्हणलं, तोंडातला एक शब्द पावण्यांना खटकंल. त्यापायी पोरगंच झाकून ठेवलं म्या.”

मुलीचे वडील शेणाचे हात अंगापासून लांब धरून उभे होते. ते म्हणाले, “तुमचं बरं म्हणायचं. आमी हिला घरून बजावून आणलंय, तिथं गेल्यावर हसायचं न्हाई म्हणून. मोठ्यानं हसती, बरं न्हाई दिसत.” आणि मग ते स्वतःच हसले, आणि आई हसली, आणि हसू नको म्हणून बजावलेली तर आधीपासूनच हसत होती. आक्का तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी भावाची टोपी झटकली, त्याच्या डोक्यावर ठेवली आणि आईकडं वळून म्हणाल्या, “हात धुवायला पानी द्या समद्यांना. आन् मासवडीचा वास मघाधरनं येतोय, तवा पाट मांडा.”

मी घराकडं पळाले. मी पळाले हे विशेष, म्हणून लिहिलं.

विजयाकाकी आता तिथली कर्ती आहे. तात्या थकला, कमी बोलतो. ती मात्र अजून तशीच हसते, बांधापलीकडं ऐकू जातं. मोटार आता मोबाइलवरून चालू होते, लाईट आली की फोन वाजतो, आणि तरी दोघं आधी विहिरीकडं बघतात. त्यांचा मुलगा द्राक्षं करतो. त्याच्यासाठी मुलगी बघणं चालू आहे, आणि मागच्या वेळी गेले तेव्हा काकीनं मला बजावलं, पाहुणे येतील तेव्हा तेवढी तू गप्प बस. मी म्हटलं, काकी, आपल्या घराचा अनुभव काय सांगतो? ती म्हणाली, तुझ्याबाबतीत धोका पत्करवत नाही.

पण सांगायचं राहिलं ते त्या संध्याकाळचं. जीप धूळ उडवत गेली. आक्कांनी दोनदा रस्सा मागून घेतला होता. आई भांडी घासत गुणगुणत होती. दादा टोमॅटोच्या सरीत अनवाणी उभे होते. पाणी एका सरीतून दुसरीत शिरत होतं आणि तापलेली माती ते पिताना बारीक चुरचुर आवाज करत होती. तात्या बांधावर उभा. त्याला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. शेवटी म्हणाला, “दादा, काय वाटतं?”

दादा वाकले. एक पान बाजूला सारलं. खाली हरभऱ्याएवढं हिरवं फळ होतं, वाळलेलं फूल अजून टोकाला चिकटलेलं. त्यांनी ते बोटानं हळूच उचलून बघितलं, पान परत झाकलं, मग धारेकडं बघितलं, मग जीप गेली त्या रस्त्याकडं.

“धरलं,” दादा म्हणाले.